डेबियनच्या मिररवरून सोर्स पॅकेज कसं उतरवायचं: खान्देशातल्या नवशिक्यांसाठी

डेबियन, उबंटू किंवा लिनक्स मिंट वापरायला लागलं की प्रोग्राम इन्स्टॉल करणं दोन दिवसांत जमतं. त्याच प्रोग्रामचा सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ कोड, हवा असला की बरेच जण सर्च करतात, सापडेल त्या साइटवरून झिप उतरवतात आणि हाच आपल्या मशिनवरचा सोर्स असं धरून चालतात. बहुधा तो तसा नसतो. आवृत्ती वेगळी असते, शिवाय डेबियनने त्यात स्वतःच्या दुरुस्त्या घातलेल्या असतात. आपल्याकडे जे चालतंय त्याचाच नेमका सोर्स हवा असेल तर तो डिस्ट्रिब्युशनच्या मिररवरून घ्यायचा आणि घेतल्यावर तपासायचा. तपासणी हा या कामातला अर्धा भाग आहे. ती नीट केली तर नेट कितीही तुटकं असलं तरी हाती आलेला माल खरा आहे याची खात्री राहते.

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत फायबर आहे. पण घरी यावल, चोपडा, शहादा किंवा तळोद्याच्या एखाद्या गावात बसून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणारे विद्यार्थी खूप आहेत. दिवसाला दीड-दोन जीबी डेटा, मध्येच जाणारी लाइट, आणि धडगाव-अक्कलकुव्याकडे तर डोंगराच्या कोणत्या बाजूला उभे आहात त्यावर ठरणारं नेटवर्क. हे सगळं धरूनच पुढच्या पायऱ्या सांगितल्या आहेत.

एक सूचना आधीच. इथे सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या, मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. 'एपीटी' (पॅकेज उतरवून इन्स्टॉल करणारा प्रोग्राम) म्हणजे ए, पी, टी ही तीन अक्षरं. 'डीपीकेजी', 'डीएससी' तसंच. टिंब, आडवी रेघ, तिरकी रेघ आणि मोकळी जागा जिथे दिसते तिथे जशीच्या तशी द्यायची.

मिररवर काय असतं

मिरर म्हणजे डेबियनच्या मुख्य साठ्याची हुबेहूब प्रत ठेवणारा सर्व्हर. जगभर असे शेकडो आहेत, भारतातही आहेत. नवशिक्याने निवडीच्या भानगडीत पडू नये. 'डेब.डेबियन.ऑर्ग' हा पत्ता ठेवला की तो आपोआप जवळच्या ठिकाणाहून फाइल देतो.

कुठलाही मिरर ब्राउझरमध्ये उघडा, दोन फोल्डर महत्त्वाचे दिसतील: 'डिस्ट्स' आणि 'पूल'. 'डिस्ट्स'मध्ये याद्या असतात: कोणत्या आवृत्तीत कोणतं पॅकेज आहे, त्याचा आकार किती, चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा आकडा) काय. प्रत्यक्ष फाइली 'पूल'मध्ये. तिथली मांडणी एकदा कळली की हातानेही फाइल सापडते. हॅलो नावाचं पॅकेज 'पूल/मेन/एच/हॅलो' इथे असतं, म्हणजे आधी विभाग, मग पहिलं अक्षर, मग नाव. 'लिब'ने सुरू होणारी पॅकेजं एवढी आहेत की त्यांना पहिली चार अक्षरं लागतात. लिबएक्सएमएल२ शोधताना 'एल' या फोल्डरात हात घातला तर ते मिळणार नाही. ते 'लिबएक्स' या फोल्डरात आहे.

सोर्स पॅकेज ही एक फाइल नसते

इन्स्टॉल करायचं पॅकेज एकच 'डेब' फाइल असते. सोर्स पॅकेज मात्र साधारण तीन फाइलींचा संच असतो. डेबियन १२ बुकवर्ममधल्या हॅलोचं उदाहरण घेऊ:

हॅलो_२.१०.ओरिग.टार.जीझेड
हॅलो_२.१०-३.डेबियन.टार.एक्सझेड
हॅलो_२.१०-३.डीएससी

पहिली फाइल मूळ लेखकांनी प्रसिद्ध केलेला कोड, सुमारे ७०० केबी. दुसरीत डेबियनने घातलेलं सगळं: पॅचेस (मूळ कोडमधल्या दुरुस्त्या), बांधणीचे म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्याचे नियम, बदलांची नोंद, ही अवघी काही केबींची. तिसरी डीएससी, साधी मजकूर फाइल. तीत उरलेल्या दोन फाइलींची नावं, आकार आणि एसएचए२५६ चेकसम असतात, आणि खाली पॅकेज चढवणाऱ्या डेव्हलपरची डिजिटल सही.

आवृत्तीच्या आकड्यात रेघेच्या आधीचं २.१० मूळ लेखकांचं, नंतरचं ३ डेबियनचं. तुमच्याकडे नवीन डेबियन असेल तर रेघेनंतरचा आकडा वेगळा दिसेल. जी पॅकेजं डेबियनने स्वतःच लिहिली आहेत, त्यांत मूळ आणि डेबियन असा फरक नसतो, म्हणून तिथे एकच टार आणि एक डीएससी असते. खूप जुन्या पॅकेजांत दुसऱ्या फाइलीच्या जागी 'डिफ.जीझेड' सापडते. काही ठिकाणी 'एएससी' नावाची चौथी छोटी फाइल असते. ती मूळ लेखकाची सही.

तीनही फाइली एकाच फोल्डरात, मूळ नावानेच असायला हव्यात. डीएससी नावावरूनच बाकीच्या शोधते.

पहिली पायरी: दोन वस्तू आधी

टर्मिनल उघडा आणि हे इन्स्टॉल करा:

सुडो एपीटी इन्स्टॉल डीपीकेजी-डेव्ह

यात 'डीपीकेजी-सोर्स' हे हत्यार येतं, जे तीन फाइलींचं मिळून एक फोल्डर उलगडतं. हे नसलं तर फाइली उतरतात पण उलगडत नाहीत, आणि शेवटी 'डीपीकेजी-डेव्ह इन्स्टॉल आहे का पाहा' असा निरोप येतो. डाउनलोड फुकट गेलं असं समजून पुन्हा सुरुवात करू नका. फाइली जागेवरच असतात.

मग स्वतःच्या होम फोल्डरात सोर्ससाठी वेगळं फोल्डर करा आणि त्यात शिरा:

एमकेडीर -पी सोर्स/हॅलो
सीडी सोर्स/हॅलो

प्रत्येक पॅकेजला आपलं फोल्डर. सगळं डेस्कटॉपवर उतरवणाऱ्याला आठवड्याने कोणती टार कशाची ते कळत नाही.

दुसरी पायरी: सोर्सच्या ओळी चालू करणे

नवशिक्यांची गाडी सर्वांत जास्त इथे अडते. एपीटीला डेब पॅकेजांच्या याद्या कुठून घ्यायच्या ते माहीत असतं, पण सोर्सच्या याद्या वेगळ्या असतात आणि त्या सांगितल्याशिवाय तो घेत नाही. उबंटू आणि मिंटमध्ये त्या मुळात बंद असतात. डेबियनमध्ये इन्स्टॉल कसं केलं त्यावर अवलंबून. बंद असल्या की एपीटी म्हणतो, तुमच्या सोर्सेस.लिस्टमध्ये काही 'डेब-एसआरसी' पत्ते घाला.

नव्या पद्धतीत ही फाइल असते:

/ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट.डी/डेबियन.सोर्सेस

उबंटू २४.०४ मध्ये शेवटचं नाव 'उबंटू.सोर्सेस'. सुडो नॅनोने ती उघडा. 'टाइप्स: डेब' अशी ओळ दिसेल, ती अशी करा:

टाइप्स: डेब डेब-एसआरसी

फाइलीत असे एकाहून जास्त परिच्छेद असतात, एक मुख्य साठ्याचा आणि एक सुरक्षा अपडेट्सचा. दोन्हीकडे बदल करा. फक्त पहिल्यात केला तर मशिनवर सुरक्षा दुरुस्ती लागलेली नवी आवृत्ती चालत असेल आणि तुमच्या हाती सोर्स मात्र आधीचा येईल. एरर येत नसल्याने हे लक्षातही येत नाही, म्हणून इथे घाई करू नका.

जुन्या पद्धतीत '/ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट' या फाइलीत एकेक ओळ असते. 'डेब'ने सुरू होणारी प्रत्येक ओळ खाली पुन्हा लिहा आणि सुरुवातीला 'डेब-एसआरसी' करा. जुन्या उबंटूत त्या ओळी आधीच असतात, पुढे फक्त हॅश चिन्ह असतं. ते काढलं की झालं. मिंटमध्ये 'सॉफ्टवेअर सोर्सेस' या खिडकीत सोर्स कोडचं बटण आहे. उबंटूतही 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स'मध्ये खूण करता येते.

मग:

सुडो एपीटी अपडेट

पहिल्या वेळी सोर्सची यादी उतरते. डेबियनच्या मुख्य विभागाची ती दहा एमबीच्या आसपास असते. हॉटस्पॉटवर असाल तर तेवढं धरून चाला.

तिसरी पायरी: उतरवणे

एपीटी सोर्स हॅलो

एवढीच आज्ञा. पुढे सुडो लावायचा नाही. सवयीने बरेच जण लावतात आणि मग सगळ्या फाइलींची मालकी रूटकडे, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्याकडे जाते, एडिटरमध्ये बदल सेव्ह होत नाही. वर 'अनसँडबॉक्स्ड ॲज रूट' अशी सूचनाही येते. लावून बसलाच असाल तर त्या फोल्डरावर 'सुडो चोन -आर' ('चोन' म्हणजे सी, एच, ओ, डब्ल्यू, एन; 'आर' मोठा, कॅपिटल) चालवून मालकी स्वतःच्या नावावर करून घ्या.

स्क्रीनवर आधी एक 'नोटिस' दिसू शकते की या पॅकेजचं काम गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवत ठेवणाऱ्या प्रणालीत) चालतं आणि त्याचा पत्ता अमुक. ती एरर नाही. मग किती केबी उतरवायचं आहे ते येतं, तीन 'गेट' ओळी येतात, आणि शेवटी डीपीकेजी-सोर्स 'हॅलो-२.१०' हे फोल्डर उलगडतो, डेबियनचे पॅचेस असतील तर तेही लावतो.

उलगडायचं नसेल, फक्त फाइली हव्या असतील तर:

एपीटी सोर्स --डाउनलोड-ओन्ली हॅलो

नंतर कधीही हाताने उलगडता येतं:

डीपीकेजी-सोर्स -एक्स हॅलो_२.१०-३.डीएससी

ठरावीक आवृत्ती हवी असेल तर नावापुढे बरोबरचं चिन्ह देऊन आवृत्ती लिहायची: 'एपीटी सोर्स हॅलो=२.१०-३'. ती तुमच्या यादीत असली तरच मिळते. मिररवर प्रत्येक आवृत्ती कायम राहत नाही. जुन्या हव्या असतील तर 'स्नॅपशॉट.डेबियन.ऑर्ग' पाहा, तिथे २००५ पासूनचा साठा तारखेनुसार ठेवला आहे.

नाव माहीत नसेल तर

'एलएस' या आज्ञेचा सोर्स हवा आहे, पण त्या नावाचं पॅकेज नाही. अशा वेळी फाइलीवरून पॅकेज शोधायचं:

डीपीकेजी -एस /यूएसआर/बिन/एलएस

इथला 'एस' मोठा, कॅपिटल. उत्तर 'कोअरयुटिल्स' असं येतं. जुन्या सिस्टिमवर हीच फाइल '/बिन' मध्ये नोंदलेली असते. पहिल्या मार्गाने सापडली नाही तर दुसरा द्या. सोर्सचं नाव आणि डेबचं नाव वेगळंही असतं: लिबसी६ या पॅकेजचा सोर्स 'जीलिबसी' नावाने आहे. एपीटी सोर्स ही जोडणी स्वतःच करतो, त्यामुळे 'एपीटी सोर्स लिबसी६' म्हटलं तरी जीलिबसीच्याच फाइली येतात. मिररवर हाताने शोधताना मात्र सोर्सचंच नाव लागतं.

डेटा आधी मोजा

हॅलोला एक एमबीसुद्धा लागत नाही. म्हणून सराव त्यावरच करा. लिनक्स कर्नलची ओरिग फाइल सव्वाशे-दीडशे एमबीच्या घरात असते आणि उलगडल्यावर एक जीबीच्या वर जाते. फायरफॉक्स, क्रोमियम ही त्याहून जड. कर्नल हवा म्हणून सरळ आज्ञा दिली आणि जुन्या लॅपटॉपच्या डिस्कवर जागाच नाही, असं झालं तर उलगडणं मध्येच थांबतं आणि अर्धवट फोल्डर उरतं. आधी 'डीएफ -एच' चालवून जागा पाहा.

आकार आधी कळायला ही आज्ञा:

एपीटी-गेट सोर्स --प्रिंट-यूआरआयएस लिनक्स

ती काहीही उतरवत नाही. प्रत्येक फाइलीचा पूर्ण पत्ता, नाव, बाइट्समध्ये आकार आणि चेकसम एवढंच छापते. आपल्यासारख्या मोजक्या डेटावर काम करणाऱ्यांना याहून कामाची आज्ञा नाही.

आणि केवळ एखादी फाइल वाचायची असेल तर उतरवूच नका. 'सोर्सेस.डेबियन.ऑर्ग'वर सगळा सोर्स ब्राउझरमध्ये उघडून वाचता येतो.

गावातलं मशिन, शहरातलं नेट

घरच्या कॉम्प्युटरला नेट नाही किंवा नावापुरतं आहे, पण जळगावला कॉलेजात किंवा तालुक्याच्या ठिकाणी कॅफेत चांगलं नेट मिळतं. अशा वेळी हा मार्ग सर्वांत भरवशाचा.

घरी हॉटस्पॉटवर फक्त 'सुडो एपीटी अपडेट' करून घ्या, म्हणजे याद्या ताज्या होतील. मग हव्या त्या पॅकेजसाठी 'प्रिंट-यूआरआयएस' चालवा आणि आउटपुट एका मजकूर फाइलीत साठवा. एडिटरमध्ये उघडून प्रत्येक ओळीत फक्त पत्ता ठेवा. अवतरण चिन्हं आणि पुढचं सगळं काढा. काढण्यापूर्वी एक प्रत बाजूला ठेवा, त्यातली नावं आणि चेकसम पुढे लागतील. ही फाइल पेनड्राइव्हवर न्या.

नेट असलेल्या लिनक्स मशिनवर:

डब्ल्यूगेट -सी -आय यादी.टीएक्सटी

'-सी'मुळे नेट तुटलं किंवा लाइट गेली तरी तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर डाउनलोड थांबलं तिथून पुढे सुरू होतं. शंभर एमबीच्या फाइलीचे नव्वद एमबी झाल्यावर लाइट जाणं आपल्याकडे नवं नाही, तेव्हा ही दोन अक्षरं विसरू नका.

तिथे विंडोज असेल तरी अडत नाही. 'पॅकेजेस.डेबियन.ऑर्ग'वर पॅकेजचं पान उघडा, उजव्या बाजूला सोर्स पॅकेजच्या तीनही फाइलींच्या लिंक असतात. ब्राउझरने उतरवताना मात्र नाव पाहा. तीच फाइल दुसऱ्यांदा उतरवली तर ब्राउझर नावात कंसातला १ घालतो, आणि मग डीएससीला ती फाइल सापडत नाही. शिवाय विंडोज फाइलीच्या नावाचा शेवटचा भाग लपवतं, त्यामुळे डोळ्यांना सगळं ठीक दिसतं.

पेनड्राइव्हवर फक्त या तीन फाइली घ्या, उलगडलेलं फोल्डर नेऊ नका. पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅटचा असतो. त्यावर लिनक्सच्या सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) राहत नाहीत आणि फाइल चालवण्याची परवानगीही जपली जात नाही. कर्नलच्या बाबतीत तर आणखी एक घोटाळा आहे. त्यात नेटफिल्टरच्या फोल्डरात 'एक्सटी_टीसीपीएमएसएस.सी' नावाच्या दोन वेगळ्या फाइली आहेत, एकीत टीसीपीएमएसएस मोठ्या अक्षरांत, दुसरीत छोट्या. फॅट लहान-मोठा भेद मानत नाही, म्हणून उलगडताना एक फाइल दुसरीवर बसते आणि बांधणी अशा ठिकाणी मोडते की कारण शोधता शोधता दिवस जातो. घरी आल्यावर फाइली लिनक्सच्या डिस्कवर कॉपी करा आणि तिथेच उलगडा. पेनड्राइव्ह काढण्याआधी 'अनमाउंट' कराच. कॉपीची पट्टी पूर्ण दिसली तरी लिनक्स मागे लिहीत असतं.

तपासणी: कोण कोणाची हमी देतं

एपीटीने उतरवलेल्या फाइली आपोआप तपासल्या जातात, पण ते कसं होतं ते समजून घेणं गरजेचं आहे. 'डिस्ट्स'मध्ये 'इनरिलीज' नावाची फाइल असते. तिच्यावर डेबियनच्या साठ्याची सही असते आणि ती सही ओळखण्याची किल्ली तुमच्या मशिनवर 'डेबियन-आर्काइव्ह-कीरिंग' या पॅकेजातून आधीच आलेली असते. इनरिलीजमध्ये सोर्सच्या यादीचा चेकसम असतो, आणि त्या यादीत प्रत्येक पॅकेजच्या तीनही फाइलींचे चेकसम. रावेरहून निघालेला केळीचा ट्रक वाटेत कितीही जणांच्या हातून गेला, तरी काट्याची शिक्क्याची पावती आणि पोहोचल्यावरचं वजन जुळलं की वाद उरत नाही. इथे इनरिलीज ही ती पावती. म्हणूनच मिरर कोणाचा, नेट कोणाचं, पेनड्राइव्ह कोणाचा, याने फरक पडत नाही.

हाताने आणलेल्या फाइलींनाही हीच साखळी लावता येते. आणलेल्या फाइली असलेल्या फोल्डरात शिरून 'एपीटी सोर्स हॅलो' चालवा. एपीटी आधी तिथल्या फाइलींचे चेकसम आपल्या यादीशी ताडतो. जुळले तर 'आधीच उतरवलेली फाइल वगळत आहे' अशा अर्थाची ओळ प्रत्येक फाइलीसाठी देतो आणि थेट उलगडतो, नेट लागतच नाही. तो नव्याने उतरवायला निघाला तर समजा की फाइल अपुरी आहे, नाव बदललंय किंवा आवृत्ती वेगळी आहे.

डोळ्यांनी ताडायचं असेल तर दोन आज्ञा:

एपीटी-कॅशे शोएसआरसी हॅलो
एसएचए२५६सम हॅलो_*

पहिली यादीतले चेकसम दाखवते, दुसरी तुमच्या हातातल्या फाइलींचे. ६४ अक्षरं पूर्ण जुळली पाहिजेत. पहिली चार-सहा पाहून सोडून देऊ नका. विंडोजवर हेच काम 'सर्टयुटिल -हॅशफाइल फाइलनाव एसएचए२५६' करतं.

हाताने 'डीपीकेजी-सोर्स -एक्स' चालवल्यावर 'सही तपासता आली नाही' अशी सूचना दिसते. घाबरून फाइली पुसू नका. ती सही पॅकेज चढवणाऱ्या डेव्हलपरची, आणि तिची किल्ली तुमच्याकडे नाही एवढाच अर्थ. वरच्या पद्धतीने चेकसम जुळले असतील तर काम भागलं. डेव्हलपरची सहीसुद्धा तपासायचीच असेल तर 'डेबियन-कीरिंग' आणि 'डेव्हस्क्रिप्ट्स' इन्स्टॉल करून 'डीएससीव्हेरिफाय' वापरा.

काय अडतं आणि का

'४०४ नॉट फाउंड' आलं तर बहुतेक वेळा यादी शिळी असते. मिररवर नवी आवृत्ती आली, जुनी निघाली, आणि तुमचा एपीटी जुनीच मागतोय. 'सुडो एपीटी अपडेट' करून पुन्हा मागा. अपडेटच ४०४ देत असेल तर तुमची डेबियन आवृत्ती मुदतीबाहेर गेली असेल. उदाहरणार्थ डेबियन ९ स्ट्रेच आता मुख्य मिररवर नाही, 'आर्काइव्ह.डेबियन.ऑर्ग'वर आहे. उबंटूच्या जुन्या आवृत्त्या 'ओल्ड-रिलीजेस.उबंटू.कॉम'वर.

'हॅश सम मिसमॅच' म्हणजे आलेली फाइल यादीशी जुळली नाही. डेबियनचा साठा दिवसातून चार वेळा ताजा होतो. मिरर नेमका त्या वेळी अर्धवट बदललेला असू शकतो. तासाभराने पुन्हा करा. रोजच येत असेल तर मधल्या प्रॉक्सीत (तुमच्या आणि नेटच्या मध्ये बसलेल्या सर्व्हरमध्ये) शिळी प्रत अडकलेली असते. पत्ता बदलून 'डेब.डेबियन.ऑर्ग' करा किंवा दुसऱ्या नेटवरून पाहा. चेकसम तपासणी बंद करण्याचे जे उपाय लोक सुचवतात ते करू नका.

हॉस्टेलच्या वाय-फायवर एक वेगळंच लफडं होतं. लॉगिन पान भरलेलं नसलं की तुम्ही मागाल त्या फाइलीच्या जागी तेच लॉगिन पान येतं. एपीटी मग 'नोस्प्लिट' असा शब्द असलेली एरर देतो आणि नेटवर्कला लॉगिन लागतं का, असं विचारतो. डब्ल्यूगेट मात्र काही न बोलता पानच टार म्हणून साठवतो. शंका आली की 'फाइल' ही आज्ञा त्या टारवर चालवा. उत्तरात एचटीएमएल आलं तर ब्राउझर उघडून आधी लॉगिन करा.

'रिलीज फाइल अजून वैध नाही' हा निरोप जुन्या डेस्कटॉपवर येतो. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो, लाइट गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि आजची सही त्या घड्याळाला भविष्यातली वाटते. 'टाइमडेटसीटीएल' चालवून तारीख पाहा, नीट करा, आणि सेल बदला. सेल स्वस्त असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

कॉलेजात प्रॉक्सी असेल तर ब्राउझर चालतो पण एपीटी लटकतो. ब्राउझरची सेटिंग एपीटी वाचत नाही. '/ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी' या फोल्डरात एक छोटी फाइल करून त्यात 'ॲक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी' ही ओळ पत्ता आणि पोर्टसह लिहावी लागते. ओळीच्या शेवटी अर्धविराम विसरला तर एपीटी पुढे काहीच करणार नाही.

लॅबमध्ये वीस मशिनं असतील तर

प्रत्येकाने तेच पॅकेज वेगळं उतरवणं म्हणजे नेट जाळणं. एका मशिनवर 'एपीटी-कॅशर-एनजी' इन्स्टॉल करा. ते ३१४२ या पोर्टवर बसतं. बाकीच्या मशिनांवर वरची प्रॉक्सीची ओळ त्या मशिनच्या पत्त्याने लिहा. पहिल्या विद्यार्थ्याने मागितलेली फाइल नेटवरून येते, उरलेल्यांना लॅबमधल्या केबलवरूनच मिळते. सोर्सच्या फाइलीही त्यात साठतात. पत्ते एचटीटीपीचे असतील तर हे सरळ चालतं; एचटीटीपीएस असले तर त्या फाइली साठवल्या जात नाहीत, म्हणून लॅबपुरते एचटीटीपी ठेवा. सही आणि चेकसमची साखळी तशीच राहते, त्यामुळे याने फाइलींच्या खरेपणाला धक्का लागत नाही.

पूर्ण मिरर कॉलेजात उतरवण्याच्या मोहात पडू नका. डेबियनचा सगळा साठा टीबीच्या हिशेबात जातो. आणि 'पूल'वर डब्ल्यूगेट सरसकट सोडणं तर मुळीच नको. हे सर्व्हर संस्था आणि स्वयंसेवक आपल्या खर्चाने चालवतात.

उलगडल्यावर कुठे पाहायचं

उलगडलेल्या फोल्डरात 'डेबियन' नावाचं उपफोल्डर असतं. त्यातली 'कंट्रोल' फाइल बांधणीला काय काय लागतं ते सांगते, 'चेंजलॉग'मध्ये कोणत्या आवृत्तीत काय बदललं ते, आणि 'पॅचेस'मध्ये डेबियनने केलेला प्रत्येक बदल सुटा. कोड वाचायला सुरुवात पॅचेसपासून करा. एक पॅच म्हणजे एक अडचण आणि तिचं उत्तर; अख्खा प्रोग्राम वाचण्यापेक्षा यातून जास्त शिकायला मिळतं.

भाषेत रस असेल तर 'एपीटी सोर्स गनोम-कॅल्क्युलेटर' करून त्यातलं 'पीओ' फोल्डर उघडा. तिथे 'एमआर.पीओ' ही मराठीची फाइल आहे. प्रत्येक नोंदीत 'एमएसजीआयडी'पुढे इंग्रजी वाक्य आणि 'एमएसजीएसटीआर'पुढे मराठी. ज्या ओळीपुढे रिकामी अवतरणं आहेत ते भाषांतर व्हायचं आहे, आणि वर 'फझी' लिहिलेलं असेल तर मूळ वाक्य बदललंय पण मराठी जुनंच आहे. किती बाकी आहे हे मोजायला 'गेटटेक्स्ट' पॅकेज टाका आणि हे चालवा:

एमएसजीएफएमटी --स्टॅटिस्टिक्स -ओ /डेव्ह/नल एमआर.पीओ

केलेली भाषांतरं डेबियनकडे न पाठवता मूळ प्रकल्पाकडे, इथे गनोमच्या अनुवाद गटाकडे, पाठवायची असतात. अहिराणीलाही आयएसओ ६३९-३ मध्ये 'एएचआर' असा स्वतंत्र तीन अक्षरी संकेत आहे, म्हणजे 'एएचआर.पीओ' नावाने कोणालाही सुरुवात करता येते. ज्यांच्या घरात अजून अहिराणी बोलली जाते त्यांनी हे जरूर करून पाहावं.

प्रोग्राम स्वतः बांधायचा असेल तर 'सुडो एपीटी बिल्ड-डेप हॅलो' करून लागणारी पॅकेजं घ्या, उलगडलेल्या फोल्डरात शिरा आणि 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज -यूएस -यूसी -बी' चालवा. तयार डेब एक पायरी वरच्या फोल्डरात पडते. बिल्ड-डेप कधीकधी सोर्सपेक्षा कितीतरी जास्त डेटा खातं, तेव्हा 'होय' म्हणण्याआधी तो दाखवतो तो आकडा वाचा.

फेडोरावर असाल तर हेच काम 'डीएनएफ डाउनलोड --सोर्स' करतं आणि तिथे सगळं एकाच 'एसआरसी.आरपीएम' फाइलीत येतं.

काम झाल्यावर उलगडलेलं फोल्डर पुसलं तरी चालतं, तीन फाइली ठेवा. डेबियनने फक्त आपल्या बाजूच्या दुरुस्त्या केल्या तर पुढच्या आवृत्तीत ओरिग फाइल तीच राहते. त्याच फोल्डरात 'एपीटी सोर्स' पुन्हा चालवलं की तो ओरिग वगळतो आणि नवी डीएससी आणि नवी डेबियन टार एवढंच उतरवतो. कर्नलसारख्या जड पॅकेजातही मूळ आवृत्ती बदलली नसेल तर दीडशे एमबीच्या जागी काही एमबीतच भागतं.